अडलं तिथं बोट ठेवणारा वाचक

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग हिंगणघाट मागे टाकून दक्षिणेला निघाला की वडनेर लागतं. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि चहाच्या टपरीवर भावाखेरीज दुसरा विषय नसतो. अशा गावात साहित्याचं काही चालत असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटत नाही. पण विदर्भातल्या अशा गावांतून थोडं फिरलं की लिहिणारी माणसं भेटू लागतात. शाळेतले सर कविता करतात. अंगणवाडीतल्या ताई ओव्या रचतात. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसणारा पदवीधर मुलगा कथा लिहितो. निवृत्त ग्रामसेवक नोकरीतल्या आठवणींची वही भरत असतो. वहीच्या पहिल्या पानावर ‘ॐ’ किंवा ‘जय भीम’ लिहिलेलं असतं. आत काय आहे, ते मात्र लिहिणाऱ्याखेरीज कुणी नीट वाचलेलं नसतं.

या माणसांना कौतुक भरपूर मिळतं. कवितेची शेवटची ओळ संपायच्या आत “लय भारी लिवलं, भाऊ” असं कुणीतरी म्हणतं. कविसंमेलनात टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ मिळतं, मोबाइलवर फुलांचे गुच्छ येतात. त्यात वाईट काही नाही. दिवसभर राबून रात्री लिहिणाऱ्या माणसाला शाबासकीची गरज असते आणि ती द्यायला आपण कंजुषी करू नये. पण नुसत्या शाबासकीवर दहा वर्षं काढलेला कवी दहा वर्षांपूर्वी होता तिथेच उभा दिसतो, तेव्हा त्याच्यावर झालेला अन्याय लक्षात येतो. त्याचं लेखन कुणी मनावर घेतलेलं नसतं. त्याची ओळ कुठे लंगडते, कथा कुठे खोटी पडते, आठवणीतला कुठला माणूस कागदावर उतरलाच नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळापासून बाजारात नावाजलेला आहे. तिथे कापसाची प्रत ठरवणारा जाणकार गाडीवरचा वरचा थर पाहून बोलत नाही. तो आत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढतो, बोटांत धागा ताणून बघतो, ओल बघतो, कवडी किती आहे ते बघतो. शेतकरी त्याच्याशी भांडतो, वाद घालतो. पण हात आत गेला की नाही, एवढं तो आधी पाहतो. लेखकाला हवा असतो तो असाच, आत हात घालणारा वाचक. त्याचा निकाल कडू असला तरी चालतो. त्यानं वाचलेलं आहे, ही खात्री मात्र लागते.

वडनेर वर्धा जिल्ह्यातलं, आणि हे इथून लिहिण्याला कारण आहे. लेखकानं प्रामाणिक अभिप्रायाचं काय करावं, याची दोन मोठी उदाहरणं याच जिल्ह्यानं पाहिली आहेत. ती एकमेकांच्या अगदी उलट दिशेची आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

आईचा शेरा

पहिलं उदाहरण विनोबा भाव्यांच्या ‘गीताई’चं, गीतेच्या मराठी पद्यरूपाचं. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. कुटुंब बडोद्याला होतं तेव्हाची गोष्ट. गीता समजून घ्यायची त्यांना ओढ होती, पण संस्कृत कळत नव्हतं. मुलानं मराठी गद्य भाषांतर आणून दिलं. ते वाचून झाल्यावर त्यांनी पद्यात काही असेल तर आण, असं सांगितलं. मग विनोबांनी वामन पंडितांची समश्लोकी आणली. वामन पंडित म्हणजे मराठी पंडित कवींमधलं मोठं नाव. त्या माउलीनं नावाकडे पाहिलं नाही. हेही अवघड जातं, असं तिनं सरळ सांगितलं. याहून सोपं काही नाही असं मुलगा म्हणाला, तेव्हा मग तूच का करत नाहीस, असं तिनं विचारलं.

समीक्षेच्या इतिहासात या प्रसंगाला जागा मिळालेली नाही, पण मिळायला हवी. रुक्मिणीबाईंनी वामन पंडितांना लहान ठरवलं नाही आणि स्वतःच्या अडाणीपणाची लाजही बाळगली नाही. आपण कुठे अडतो, तेवढं सांगितलं. विद्वान वाचकाला हे जमणं फार कठीण असतं, कारण ‘मला कळलं नाही’ म्हणताना त्याला स्वतःची प्रतिष्ठा आड येते. १९१८ साली रुक्मिणीबाई गेल्या. विनोबांनी गीताई लिहायला घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. म्हणजे आईच्या मागे बारा वर्षांनी. नावातच आई आली.

या कामाचा पुढचा टप्पा लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. गीताई छापण्याआधी विनोबांनी ती वर्ध्याच्या आश्रमातल्या वर्गाला शिकवून पाहिली. शिकणाऱ्यांना जिथे अडलं, तिथे शब्द बदलले. संस्कृतावर ज्याचं प्रभुत्व, शंकराचार्यांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत ज्याचा अभ्यास, तो माणूस आपलं हस्तलिखित घेऊन विद्यार्थ्यांपुढे बसतो आणि त्यांच्या कपाळावरच्या आठीला प्रमाण मानतो. १९३२ साली गीताई प्रसिद्ध झाली. तिच्या लाखो प्रती मराठी घरांत गेल्या. वर्ध्याजवळ गोपुरीला १९८० साली उभ्या राहिलेल्या गीताई मंदिरात तिचे अठराही अध्याय शिळांवर कोरलेले आहेत. त्या शिळा पाहायला जाल तेव्हा एवढं आठवावं, की दगडावर जाण्याआधी हे शब्द शिकणाऱ्यांच्या तोंडून तावून-सुलाखून निघाले होते.

न बदलण्याचा हक्क

दुसरं उदाहरण गांधीजींचं. ‘हिंद स्वराज’ त्यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर लिहिलं. उजवा हात दुखू लागला तेव्हा काही पानं डाव्या हातानं लिहिली. त्या पुस्तकाला परखड अभिप्राय मिळाला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असताना त्यांनी या पुस्तकाचं भाषांतर पाहिलं. ते त्यांना इतकं कच्चं आणि घाईचं वाटलं, की हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच हे पुस्तक नष्ट करतील, असं भाकीत त्यांनी केलं.

गांधीजींनी ते नष्ट केलं नाही. १९२१ साली त्यांनी लिहिलं, की पुस्तकातला एक शब्द तेवढा आपण मागे घेतो, तोही एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर. पार्लमेंटला त्यांनी लावलेलं ते विशेषण होतं. बाकी मजकुरावर ते ठाम राहिले.

पण ठाम राहणं आणि कान बंद करणं यांत फरक आहे, हे वर्ध्यात दिसलं. १९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहत होते. तेच पुढे सेवाग्राम झालं. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या ‘आर्यन पाथ’ या मासिकानं ‘हिंद स्वराज’वर खास अंक काढला. त्यात रसायनशास्त्रातले नोबेल विजेते फ्रेडरिक सॉडी, अर्थतज्ज्ञ जी. डी. एच. कोल, समीक्षक जॉन मिडल्टन मरी, डिलाइल बर्न्स अशांनी लिहिलं. आदर सर्वांना होता, पण शंकाही सडेतोड होत्या. मरी यांनी विचारलं, की यंत्राला विरोध करायचा तर चरखा हेही यंत्रच आहे, त्याचं काय? बर्न्स यांनी चष्म्याचा दाखला दिला: डोळ्यांना मदत करणारा चष्मा हेही एक साधनच, मग साधनालाच वाईट कसं म्हणता येईल?

या शंकांचं काय झालं? डिसेंबर १९३८ मध्ये वर्ध्याहून महादेवभाई देसाईंनी ‘हिंद स्वराज’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत हे आक्षेप टीकाकारांच्या नावांसकट मांडले, त्यांना उत्तरं दिली आणि गोखल्यांचं ते कडवट भाकीतही नोंदवलं. आजही ती आवृत्ती उघडणाऱ्याला मूळ पुस्तकाआधी त्या पुस्तकावरची टीका भेटते. आपल्याकडे प्रस्तावनेत काय येतं ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या पुस्तकाला त्या पुस्तकाविरुद्धच्या मतांची प्रस्तावना आहे, असे लेखक किती असतील?

विनोबांनी विद्यार्थ्यांचं ऐकून शब्द बदलले. गांधीजींनी गुरूचं ऐकूनही पुस्तक बदललं नाही. दोघांनीही अभिप्राय पूर्ण ऐकला, तो दडवला नाही आणि निर्णय स्वतः घेतला. नव्या लेखकाला मी हेच सांगेन. अभिप्राय हा हुकूम नसतो. तो ऐकायची सवय लेखकाच्या अंगी हवी, आणि ऐकून झाल्यावर मान हलवायची की नाही, हे ठरवायचं बळही हवं. गीताई साध्या वाचकासाठी लिहिली होती, म्हणून शिकणाऱ्यांचं अडणं निर्णायक ठरलं. ‘हिंद स्वराज’मध्ये एका माणसाची श्रद्धा होती, ती बहुमतानं बदलण्याजोगी नव्हती. आपलं लेखन यांपैकी कुठल्या जातीचं आहे, हे लेखकानंच ओळखायचं असतं.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला

वडनेरवरून जाणारा रस्ता हैदराबादला पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या दरबारात उस्ताद असलेले कवी दाग देहलवी त्याच शहरात राहत. हिंदुस्थानभरातले शागीर्द त्यांना टपालानं गझला पाठवत आणि दाग त्या दुरुस्त करून परत करत. उर्दूत या परंपरेला ‘इस्लाह’ म्हणतात. दिल्लीत बसून मिर्झा गालिब हरगोपाल तफ्ता यांच्यासारख्या शागीर्दांना पत्रांतून असंच शिकवत. पंजाबातला एक तरुण दागांकडे गझला पाठवत होता. थोड्याच काळात दागांनी त्याला कळवलं, की तुझ्या कवितेत आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. तो तरुण म्हणजे इक्बाल. शागीर्दाला सोडून कधी द्यायचं हेही उस्तादाला कळावं लागतं.

ही परंपरा मराठीत मनापासून रुजवली ती विदर्भाच्याच माणसानं. सुरेश भट अमरावतीचे. जन्म १९३२, मृत्यू २००३. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’, ‘झंझावात’ हे त्यांचे संग्रह वाचकांना परिचित आहेत. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका तयार केली आणि गझल लिहू पाहणाऱ्या अनोळखी मुलांपर्यंत ती पोचवली. मतला म्हणजे काय, यमक आणि अन्त्ययमक कसं सांभाळायचं, अलामत कुठे मोडते, प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता का असावी लागते, हे त्यात मांडलं. खेड्यातल्या मुलाला पहिल्यांदाच असं काही मिळालं, ज्याच्या आधारे तो आपली चूक स्वतः शोधू शकेल. मतल्यात ‘वारा’ आणि ‘तारा’ घेतल्यावर पुढच्या शेरात ‘झरा’ चालणार नाही, कारण ‘रा’च्या आधीचा ‘आ’ गेला. हे कळायला कुणाचा वशिला लागत नाही, कान लागतो.

हा अभिप्राय प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्यासाठी एक ओळ इथेच बनवून घेऊ. समजा, वडनेरचा एक मुलगा भुजंगप्रयात वृत्तात लिहायला बसला. लगागा लगागा लगागा लगागा. त्याला शेतात उभा असलेला कापूस सांगायचा आहे. तो लिहितो: “उभे कापसाचे शेत वाट पाही.” वाचणाऱ्यानं पहिलं बोट ‘शेत’वर ठेवावं. तिथे लघू हवा होता, ‘शे’ गुरू आला, ओळ अडखळली. मुलगा विचार करतो आणि दुरुस्त करतो: “उभा कापसाचा मळा वाट पाही.” आता वृत्त बिनचूक झालं. कविसंमेलनात या ओळीला टाळ्या मिळतील.

प्रामाणिक वाचक इथे थांबत नाही. तो दुसरं बोट ठेवतो: “बाबू, आपल्या इथं कापसाचा मळा कुठं पाहिला तू?” मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची बागायत, भाजीपाला, ऊस. हिंगणघाट तालुक्यातला बहुतेक कापूस पावसाच्या भरवशावरचा, वावरातला. वृत्ताच्या सोयीसाठी मुलानं दुसऱ्याच प्रदेशातलं शेत आणून बसवलं. शिवाय ‘वाट पाही’ म्हणजे कुणाची वाट? तेही त्याला ठाऊक नसतं. ते शब्द आयते मिळाले म्हणून आले. आता मुलाला आपल्या वावरात पुन्हा एकदा नजर टाकावी लागते. तिथे दिवाळीत प्रत्यक्ष काय घडत असतं? कदाचित तो लिहील: “फुटे वावरी बोंड एकेक आता.” वृत्त तेच राहिलं, आणि ओळीत त्याचं गाव आलं.

पहिली दुरुस्ती पुस्तिका वाचूनही होते. दुसरीला ते वावर ओळखणारा माणूस लागतो. म्हणूनच वडनेरच्या लेखकाला पुण्या-मुंबईचा नामवंत समीक्षक मिळाला नाही तरी त्याचं अडत नाही. त्याच्याच गावात, त्याच्याच लेखनाचे काही अंश तपासू शकणारी माणसं आहेत. कापूस वेचणाऱ्या बाईनं कथेतल्या वेचणीचं वर्णन ऐकून “असं नाही होत, भाऊ” म्हटलं, तर ते कुठल्याही परीक्षणाच्या तोडीचं आहे.

परखडपणाच्या नावाखाली

प्रामाणिक अभिप्रायाची बाजू घेताना त्याच्या नावाखाली झालेले अन्यायही सांगायला हवेत. ‘माझा स्वभावच स्पष्ट बोलण्याचा आहे’ असं म्हणणारी बरीच माणसं लेखन न वाचता लेखकाची लायकी काढत असतात. कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या बोलीवरून, कुणी बाई आहे म्हणून निकाल आधीच लागलेला असतो. “ही भाषा साहित्याची नव्हे” हे वाक्य मराठीत किती जणांना ऐकावं लागलं आहे! त्याला अभिप्राय म्हणता येत नाही. ते दार लावून घेणं झालं.

मराठीत संपादकीय काटेकोरपणाचा आदर्श म्हणून ‘सत्यकथा’चं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या या मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी लेखकांना सविस्तर पत्रं लिहून, पुन्हा पुन्हा लिहायला लावून मराठी कथा-कवितेची एक पिढी घडवली. साभार परत आलेल्या कवितेसोबत दोन ओळींचं कारण आलं तरी कवी ते जपून ठेवत. पण १९६९ साली याच ‘सत्यकथे’च्या अंकाची तरुण लेखकांनी होळी केली. राजा ढाले यांचा ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख त्या संतापाची साक्ष आहे. ज्या चाळणीतून मराठी साहित्य गाळलं जात होतं, तिच्या भोकांतून आपलं जगणं जातच नाही, असं त्या मुलांचं म्हणणं होतं. ते बऱ्याच अंशी खरं होतं. त्याच वर्षी वर्ध्यात पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. एका बाजूला संमेलनाचा मांडव, दुसऱ्या बाजूला जळणारा अंक, असं ते वर्ष गेलं.

यातून मार्ग काढला तो नव्या वाचकांनी. नागपूरला जन्मलेले गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवलं, आणि नियतकालिकापुरतं न थांबता ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरवले. या नावातच मोठा विचार आहे. लेखकाबरोबर वाचक बसतो. ज्यांच्या आयुष्याबद्दल लिहिलं, ती माणसं समोर असतात. दलित आत्मकथनं आणि कविता ज्या धीटपणानं पुढे आल्या, त्यामागे अशा ठिकाणी मिळालेला विश्वास होता. परखड बोलायचा हक्क बोलणाऱ्याला कमवावा लागतो, आणि तो समोरच्याचं जग समजून घेण्याच्या कष्टांतून कमावला जातो.

मांडव मोठे, वाचन थोडं

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात एकाच आठवड्यात दोन संमेलनं झाली. विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्तानं ३ ते ५ फेब्रुवारीला शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. त्याच वेळी चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली सतरावं विद्रोही साहित्य संमेलनही झालं. पुस्तकांचे स्टॉल, परिसंवाद, ठराव, भाषणं यांनी गांधी-विनोबांचं गाव भरून गेलं. लोकशाहीला अशा गर्दीची गरज असते. दोन मांडवांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, हेही निकोप आहे.

पण संमेलनांतल्या कविकट्ट्यावर आपला क्रमांक यायची तासन् तास वाट पाहणाऱ्या नवकवीचा विचार करा. तो दुरून आलेला असतो. काही मिनिटांत कविता वाचतो, टाळ्या घेतो, प्रमाणपत्र घेतो, फोटो काढतो आणि परत जातो. एवढ्या मोठ्या उत्सवात त्याच्या कवितेतल्या एकाही ओळीवर कुणी त्याच्याशी बोललेलं नसतं.

पुस्तकांचंही असंच झालं आहे. गावातला कवी पदरचे पैसे घालून संग्रह काढतो. त्यासाठी कुणी कापसाचे पैसे मोडतो, कुणी पगारातून हप्ते फेडतो. प्रस्तावना लिहिणारे मान्यवर संग्रह चाळून चार गौरवाची पानं देतात, पाठराखण आणखी कुणी करतं. प्रकाशन समारंभात वक्त्यांना भलं बोलण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण तो घरच्या लग्नासारखा दिवस असतो. मग पुरस्कारांसाठी प्रती पाठवायच्या. या सगळ्या साखळीत हस्तलिखित पेन्सिल घेऊन वाचणारा एकही माणूस नसतो. तो सुरुवातीला भेटला असता तर साठातल्या वीस कविता गळाल्या असत्या, उरलेल्या चाळीस उजळल्या असत्या आणि त्या माणसाचे पैसेही सत्कारणी लागले असते. खोट्या स्तुतीची किंमत गरीब लेखकाला रोख मोजावी लागते. म्हणून मला ती निरुपद्रवी वाटत नाही.

वडनेरला काय करता येईल

यासाठी मोठी संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. सार्वजनिक वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग किंवा कुणाची ओसरी पुरे. महिन्यातून एकदा चार-पाच माणसं जमावीत. लेखन आधी प्रत काढून द्यावं, म्हणजे प्रत्येकानं घरी शांतपणे वाचलेलं असेल. कान सुरावर भाळतात. डोळ्यांना दोष लवकर दिसतात.

जगात याच्या पद्धती बसवलेल्या आहेत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. तिथल्या रिवाजात लेखकानं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या लेखनावर बोलायचं, असं असे. स्वतःचं समर्थन करायची ऊर्मी आवरली की ऐकू येतं, हे त्यामागचं शहाणपण. पुढे त्यातला धोकाही पुढे आला: ज्याचं जग इतरांना अपरिचित आहे, तो लेखक गप्प बसून आपली भाषा चुकीची ठरताना पाहत राहतो. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० पासून वेगळी पद्धत बसवली. तिच्यात आधी प्रत्येकानं आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंतानं आपले प्रश्न विचारायचे. मग इतरांनी मत न लादता प्रश्न विचारायचे. शेवटी, कलावंताची परवानगी घेऊन, मत द्यायचं. परवानगी मागण्याची ही रीत आपल्या मराठी बैठकीत सहज रुळेल. मोठ्यांपुढे बोलताना आपण ती पाळतोच.

वाचणाऱ्यानं स्वतःला चार प्रश्न विचारावेत. मी वाचताना कुठे थांबलो? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कुठे विश्वास बसला नाही? दोन दिवसांनी काय आठवलं? या चारांची उत्तरं द्यायला पदवी लागत नाही. ‘कविता अजून खुलायला हवी’ यातून लेखकाच्या हाती काही लागत नाही. ‘तिसऱ्या कडव्यात आई अचानक रडते, ती का रडते ते मला कळलं नाही’ यातून रात्रभराचं काम मिळतं. दोषाबरोबर जमलेली जागाही तितक्याच नेमकेपणानं दाखवावी. ‘छान’ म्हणून थांबू नये; कुठली ओळ छान आणि का, ते सांगावं. बहिणाबाईंच्या कवितांची वही त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांना दाखवली, तेव्हा ती लोकांपुढे आलीच पाहिजे, असं अत्र्यांनी ठामपणे सांगितलं. पारखून केलेलं कौतुक हाही प्रामाणिक अभिप्रायच असतो. ते झालं नसतं, तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

आणि एक पथ्य: दुसऱ्याची कविता आपल्या वळणावर नेऊ नये. दोष दाखवावा, उपाय लेखकावर सोडावा. गावातल्या जुन्या, मानाच्या कवीला हे जड जाईल, कारण त्याला चटकन दुसरी ओळ सुचते. ती त्यानं स्वतःच्या वहीत लिहावी.

लिहिणाऱ्याचंही काही कर्तव्य आहे. “कसं वाटलं?” या प्रश्नाला “छान” हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी त्यानं विचारावं: बापाचा राग खरा वाटतो का? शेवट आधीच कळतो का? कुठलं पान काढून टाकू? असा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं, हा माणूस स्तुती मागायला आलेला नाही. मग तोही धीर करतो. खेड्यात खरं बोलण्याला नात्यागोत्याची, उद्या बांधावर भेटण्याची भीती असते. ती घालवायची पहिली जबाबदारी विचारणाऱ्याची आहे, कारण नातं तुटणार नाही, ही हमी तोच देऊ शकतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत या वार्षिक फराळाची प्रथा पडली. ‘हिंद स्वराज’चंही तेच वर्ष. शंभराहून अधिक वर्षं आपण दिवाळीत अंक विकत घेतो, एकमेकांना देतो, वाचनालयात नंबर लावून वाचतो. त्यांत नव्या लेखकांची नावं असतात, आणि त्यांतली कितीतरी वडनेरसारख्या गावांतून आलेली असतात. या वर्षी, कुठल्याही अंकात, अशा एका अनोळखी नावाचं लेखन निवडा. ते दोनदा वाचा. मग संपादकांच्या पत्त्यावर त्या लेखकाला पत्र लिहा: कुठे मन गुंतलं, कुठे अडलं, कुठल्या वाक्यावर विश्वास बसला नाही. खाली आपलं नाव आणि गाव लिहा, म्हणजे बोलणाऱ्याची जबाबदारी दिसेल. लेखकाला ते पत्र आवडेल किंवा तो रागावेलही. पण आपलं लेखन एका माणसानं खरोखर वाचलं, हे त्याला कळेल आणि त्याचं पुढचं पान त्या माणसासाठी लिहिलं जाईल. मराठीला आज नव्या पुरस्कारांपेक्षा अशा वाचकांची गरज अधिक आहे, आणि असा वाचक होणं आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे.